वर्गाचा आलेख वर्गशिक्षकाने स्वतः का बांधावा?



आपल्या शाळेतून रोज किती आकडे बाहेर जातात, हे एकदा मोजून बघा. सकाळची हजेरी, पोषण आहार घेतलेली मुलं, उंची-वजन, वाचनाचा स्तर, बेरीज-वजाबाकी येणारी मुलं, गणवेश मिळालेली मुलं. रजिस्टरमधून तक्त्यात, तक्त्यातून पोर्टलवर, तिथून आणखी वर. आकडे वर जाण्याची वाट अगदी पक्की आहे. खाली येण्याची वाट मात्र नाही. वर्गात परत काही आलंच तर ती एखादी टक्केवारी असते, आणि ती वाचून उद्या वर्गात काय वेगळं करायचं ते कळत नाही.

म्हणून माझं मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. वर्गातल्या आकड्यांचा आलेख वर्गशिक्षकानेच काढायला हवा. आणि त्यासाठी लागणारं साधन, म्हणजे जावास्क्रिप्टमधलं एक छोटंसं आलेख-पॅकेज, त्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने उभं करून बघायला हवं. मी डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे, संगणक अभियंता नाही. तरीही हे सांगते आहे, कारण हे काम आपल्या आवाक्यातलं आहे आणि त्याचा संबंध थेट आपल्या मुलांशी आहे.

सरासरी काय लपवते?

एक उदाहरण घेऊ. हे कल्पित आहे, पण ऊसतोडीला जाणाऱ्या गावातल्या कोणत्याही शिक्षकाला ते ओळखीचं वाटेल.

समजा वर्गात ३२ मुलं आहेत आणि वर्षाचे कामाचे दिवस २००. यातली २४ मुलं वर्षभर नियमित येतात, प्रत्येकी १९० दिवस. उरलेली ८ मुलं दिवाळीपर्यंतच्या १०० दिवसांत प्रत्येकी ९० दिवस येतात. दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर तोडीला जातात आणि एकही दिवस येत नाहीत. आता सरासरी काढा. २४ गुणिले १९० म्हणजे ४५६०. ८ गुणिले ९० म्हणजे ७२०. एकूण ५२८०. पूर्ण हजेरी झाली असती ३२ गुणिले २००, म्हणजे ६४००. वर्गाची वर्षाची उपस्थिती आली ८२.५ टक्के.

कागदावर हा आकडा बरा दिसतो. कोणी प्रश्न विचारणार नाही. पण त्या आकड्यात आठ मुलांचं अर्धं वर्ष बुडालेलं आहे.

आता हेच आकडे महिन्यांप्रमाणे मांडा आणि प्रत्येक मुलाची वेगळी छोटी रेघ काढा. २४ रेघा सरळ जातील. आठ रेघा दिवाळीनंतर एकदम तळाला जातील. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हे एक पान टेबलावर ठेवलं, तर ‘हंगामी वसतिगृह हवंच कशाला?’ हा प्रश्न उरत नाही. आणि ते पान ऑक्टोबरमध्येच गेल्या वर्षीच्या आकड्यांवरून तयार असेल, तर कोणती मुलं आजी-आजोबांजवळ राहू शकतील, कोणाची सोय करायला लागेल, हे मुलं निघायच्या आधी ठरवता येतं. एप्रिलमध्ये कळून काय उपयोग?

एक्सेल असताना हे कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. एकच स्तंभालेख काढायचा असेल तर एक्सेल किंवा फुकट मिळणारं लिब्रेऑफिस पुरेसं आहे. त्यासाठी पॅकेज बांधायची काही गरज नाही. खरं तर पहिला आलेख कागदावरच काढावा, तोही मुलांकडून.

पण वर सांगितलेलं पान एक्सेलमध्ये काढून बघा. ३२ मुलांचे ३२ छोटे आलेख, सगळे एकाच मापाचे, सगळ्यांचा य-अक्ष सारखा, एका पानावर ओळीने. एकेक करून काढण्यात दुपार जाईल, आणि पुढच्या महिन्यात आकडे बदलले की जुळवाजुळव पुन्हा करायची. प्रोग्रॅमला मात्र ३२ काय आणि ३२० काय, सारखंच. ‘प्रत्येक मुलासाठी हे कर’ असं एकदा लिहिलं की झालं.

दुसरा पर्याय म्हणजे इंटरनेटवरच्या तयार आलेखाच्या साइट. आकडे टाका, चित्र घ्या. पण त्यासाठी मुलांची माहिती कुठल्या तरी परक्या सर्व्हरवर चढवावी लागते. मुलाचं नाव, वजन, गैरहजेरी ही माहिती आपल्याकडे विश्वासाने दिलेली असते. आपल्याकडे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी साधा विचार करा: आपल्या लेकराची माहिती कोणी अशी कुठेही टाकली तर आपल्याला चालेल का?

स्वतः बांधलेलं पॅकेज आपल्याच संगणकावर चालतं. आकडे फोल्डरच्या बाहेर जात नाहीत.

डी३ म्हणजे काय?

जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी भाषा. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी ती नेटस्केप कंपनीत तयार केली. आज प्रत्येक संगणकात आणि मोबाइलमध्ये ती चालवणारा ब्राउझर असतोच. म्हणजे आपल्या आलेखासाठी शाळेच्या संगणकावर वेगळं काही बसवावं लागत नाही.

याच भाषेत आलेख काढण्यासाठी डी३ नावाची लायब्ररी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात माइक बोस्टॉक, वादिम ओगिएवेत्स्की आणि जेफ्री हीर यांनी २०११ मध्ये ती मांडली. त्याआधी याच गटाने प्रोटोव्हिस नावाचं साधन केलं होतं. डी३ हे नाव ‘डेटा-ड्रिव्हन डॉक्युमेंट्स’ या तीन शब्दांच्या तीन ‘डी’ वरून आलं. ती मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे फुकट वापरा, बदला, वाटा. फक्त मूळ कर्त्यांची परवान्याची ओळ काढू नका.

डी३ तयार आलेखांचं दुकान नाही. ती आपल्याला अक्ष, प्रमाण, रेघ, स्तंभ असे सुटे भाग देते आणि जुळवणी आपण करतो. २०१६ च्या चौथ्या आवृत्तीपासून तर ती खरोखरच लहान लहान सुट्या भागांत विभागली गेली. प्रमाण काढणारा भाग वेगळा, अक्ष काढणारा वेगळा, रेघ काढणारा वेगळा. आपल्याला चार-पाच भाग पुरतात. म्हणूनच स्वतःचं छोटं पॅकेज बांधणं सोयीचं पडतं.

उभारणी: एका रविवारचं काम

आता प्रत्यक्ष कृती. इथे नावं देवनागरीत लिहिली आहेत, संगणकावर ती इंग्रजीत टाइप करायची.

१. आपल्या लॅपटॉपवर नोड डॉट जेएस बसवा. त्याच्या साइटवर ‘एलटीएस’ लिहिलेली आवृत्ती असते, तीच घ्या. ती जास्त काळ सांभाळली जाते. नोडबरोबर एनपीएम आपोआप येतो. एनपीएम हा सुटे भाग आणून देणारा भांडारी समजा.

२. एक फोल्डर करा. फोल्डरचं नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि मधे जागा न सोडता द्या. पॅकेजचं नाव फोल्डरवरून घेतलं जातं आणि एनपीएमला देवनागरी नाव चालत नाही.

३. त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘एनपीएम इनिट’ चालवा. प्रश्नांना एंटर मारत गेलात तरी चालतं. ‘पॅकेज डॉट जेसन’ नावाची फाइल तयार होते. ही आपल्या पॅकेजची नोंदवही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये काही वेळा ‘स्क्रिप्ट चालवायला परवानगी नाही’ असा लाल संदेश येतो. घाबरू नका, साधा कमांड प्रॉम्प्ट वापरा.

४. ‘एनपीएम इन्स्टॉल’ लिहून पुढे हवे ते भाग लिहा: डी३-सिलेक्शन, डी३-स्केल, डी३-अ‍ॅक्सिस, डी३-शेप, डी३-फॉरमॅट. नोड उतरवून झालं की इंटरनेट फक्त या आणि पुढच्या पायरीला लागतं. ‘नोड मॉड्यूल्स’ नावाचं मोठं फोल्डर तयार होईल. त्यात हात घालायचा नाही.

५. आता बांधणीचं यंत्र आणा: रोलअप, आणि त्याचा ‘नोड-रिझॉल्व्ह’ नावाचा जोडभाग. हे दोन्ही ‘सेव्ह-डेव्ह’ असं सांगून बसवा. म्हणजे नोंदवहीत ते ‘फक्त बांधताना लागणारे’ म्हणून वेगळे लिहिले जातात. घर बांधताना पराती लागते, पण ती घराचा भाग नसते, तसंच.

६. ‘एसआरसी’ नावाचं फोल्डर करून त्यात ‘इंडेक्स डॉट जेएस’ फाइल लिहा. आपला कोड इथे. वर आयात, मधे आलेख काढणारं फंक्शन, आणि ते बाहेर देणारी निर्यात.

७. ‘रोलअप डॉट कॉन्फिग डॉट एमजेएस’ या फाइलमध्ये चार गोष्टी सांगायच्या: कोणती फाइल घ्यायची, तयार फाइल कुठे ठेवायची (रिवाजाने ‘डिस्ट’ फोल्डरमध्ये), तिचा प्रकार ‘आयआयएफई’, आणि तिला हाक मारायचं नाव. नोड-रिझॉल्व्ह जोडायलाही विसरू नका. तो नसेल तर रोलअपला डी३चे भाग सापडत नाहीत.

८. नोंदवहीतल्या ‘स्क्रिप्ट्स’मध्ये ‘बिल्ड’ या नावासमोर ‘रोलअप -सी’ लिहा. मग ‘एनपीएम रन बिल्ड’ चालवा. ‘डिस्ट’मध्ये एक फाइल तयार होईल. हेच आपलं पॅकेज.

रोलअप एक चांगलं काम करतो. वापरात नसलेला कोड तो शक्यतो बाजूला काढतो आणि सगळे भाग एका फाइलमध्ये बांधतो. अख्खं डी३, आवृत्ती ७, आटोपशीर केलेल्या रूपातही पावणेतीनशे केबीच्या आसपास भरतं. आपल्याला लागणारे भागच घेतले की फाइल त्याहून बरीच लहान होते. जुन्या संगणकावर आणि स्वस्त मोबाइलवर याचा फरक पडतो.

शाळेच्या संगणकावर चालतं का?

चालतं, पण तीन गोष्टी माहीत हव्यात. बहुतेक ठिकाणी मिळणारे धडे सतत इंटरनेट असलेल्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले असतात. आपल्याकडे संगणक खोलीत रेंज नसते आणि वीज गेली तर राउटरही नसतो.

पहिली गोष्ट. पुष्कळ धड्यांत डी३ इंटरनेटवरच्या दुव्यावरून थेट जोडायला सांगतात. नेट नसेल तर पान कोरं दिसतं. आपण बांधलेली फाइल पेनड्राइव्हवर जाते, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी गोष्ट. एचटीएमएल पान फोल्डरमधून डबल-क्लिक करून उघडलं, तर ब्राउझर सुरक्षेसाठी दोन गोष्टी अडवतो: ‘मॉड्यूल’ प्रकारची जावास्क्रिप्ट आणि शेजारची सीएसव्ही फाइल वाचणं. म्हणूनच मी वर ‘आयआयएफई’ प्रकार सांगितला. तो साध्या स्क्रिप्ट टॅगने चालतो. आकडेही सीएसव्हीत न ठेवता एका छोट्या जावास्क्रिप्ट फाइलमध्ये यादी म्हणून ठेवा. मग सर्व्हर वगैरे काही लागत नाही.

तिसरी गोष्ट. शाळेत विंडोज ७ असेल तर त्यावर नोडची नवी आवृत्ती बसणार नाही. १४ पासून पुढच्या आवृत्त्यांनी विंडोज ७ सोडलं. पण शाळेच्या संगणकावर नोड हवाच कशाला? बांधणी आपल्या लॅपटॉपवर, वापर शाळेत. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ आहे, तिच्यात हे आलेख व्यवस्थित दिसतात. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये मात्र उघडू नका.

आणि हो, पानाच्या सुरुवातीला ‘यूटीएफ-८’ लिहायला चुकू नका. नाहीतर ‘उपस्थिती’च्या जागी विचित्र चिन्हं दिसतील.

मराठीत आलेख, मराठी आकडे

हा भाग मला सगळ्यात आवडतो. आपली मुलं १, २, ३ शिकतात आणि संगणक त्यांना परके आकडे दाखवतो. डी३-फॉरमॅटमध्ये ‘फॉरमॅट-लोकेल’ नावाची सोय आहे. तिला शून्य ते नऊ हे दहा देवनागरी अंक एका यादीत दिले की अक्षावर देवनागरी आकडे उमटतात. स्वल्पविराम कुठे द्यायचा तेही सांगता येतं. आधी तीन, मग दोन-दोन, म्हणजे आपले हजार, लाख, कोटी बरोबर दिसतात. महिन्यांची नावं तर आपणच यादीत लिहितो, त्यामुळे वर्ष जूनपासून सुरू करायलाही अडचण नाही.

आणखी एक गंमत. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत देता येतं. ‘स्तंभालेख’ या नावाचं फंक्शन लिहा, ते चालतं. फक्त भाषेचे ठरलेले शब्द इंग्रजीतच राहतात, आणि हिशोबातला ५ देवनागरीत लिहून चालत नाही, तो इंग्रजी अंकच लागतो. दाखवायचे अंक देवनागरी, मोजायचे अंक इंग्रजी, एवढं लक्षात ठेवा.

प्रमाण: आपल्याच पुस्तकातला धडा

स्तंभालेख शिकवताना आपण फळ्यावर लिहितो, ‘प्रमाण: १ सेमी = ५ मुले’. डी३मधलं ‘स्केल’ म्हणजे नेमकं हेच. त्याला दोन गोष्टी सांगायच्या: आकडे कुठून कुठपर्यंत, आणि पडद्यावरची जागा कुठून कुठपर्यंत. ० ते ४० मुलं आणि २०० ठिपक्यांची उंची दिली, तर १ मूल म्हणजे ५ ठिपके.

एक फरक आहे. वहीत आपण शून्य खाली ठेवतो. पडद्यावर मोजणी वरून खाली होते, म्हणजे शून्य सगळ्यात वर. म्हणून जागा ० ते २०० अशी न देता २०० ते ० अशी उलटी द्यावी लागते. पाचवीच्या मुलांना विचारा, ‘सरळ दिली तर काय होईल?’ मुलं सांगतील की आलेख उलटा दिसेल. मग करून दाखवा. प्रमाण म्हणजे काय हे पाठांतर न करता कळण्याचा असा प्रसंग सहसा मिळत नाही.

याच ठिकाणी दुसरा महत्त्वाचा धडा देता येतो. समजा ऑगस्टची सरासरी हजेरी ३० आणि सप्टेंबरची २८. य-अक्ष शून्यापासून काढला तर दोन स्तंभ जवळजवळ सारखे दिसतात. तोच अक्ष २६ पासून सुरू केला तर एक स्तंभ ४ चा आणि दुसरा २ चा, म्हणजे हजेरी निम्म्यावर आल्यासारखी दिसते. आकडे तेच आहेत, एकही खोटा नाही. तरी चित्र खोटं बोलतं. वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर रोज आलेख बघत मोठ्या होणाऱ्या मुलांना हे कळायलाच हवं, आणि ते शिकवणाऱ्याने अक्ष स्वतः बांधलेला असला की जास्त ठामपणे शिकवता येतं. तयार सॉफ्टवेअर अक्ष कुठून सुरू करायचा ते स्वतःच ठरवून टाकतं आणि आपण ते बघतही नाही.

दुसऱ्यावर किती अवलंबून राहायचं?

पॅकेज बांधताना आपण दुसऱ्यांचे भाग घेतो, त्यांनी आणखी कोणाचे घेतलेले असतात. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं एक चिमुकलं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं. त्यात अवघ्या ११ ओळी होत्या. मजकुराच्या डाव्या बाजूला रिकामी जागा किंवा शून्य भरायचं, एवढंच त्याचं काम. पण ते असंख्य प्रकल्पांत आतून वापरलेलं होतं आणि जगभरातल्या मोठमोठ्या प्रकल्पांची बांधणी अडली. शेवटी एनपीएमने ते परत आणलं आणि पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक केले.

यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. कमीत कमी भाग घ्या. आणि ‘पॅकेज-लॉक डॉट जेसन’ ही आपोआप होणारी फाइल पुसू नका. कोणत्या भागाची नेमकी कोणती आवृत्ती वापरली ते तिच्यात लिहिलेलं असतं. वर्षाने पुन्हा बांधायची वेळ आली तर ‘एनपीएम सीआय’ चालवा, तेच भाग त्याच आवृत्तीचे येतात. ‘डिस्ट’मधल्या तयार फाइलची एक प्रत मात्र केंद्रशाळेत आणि एक घरी ठेवा. ती कोणाच्याच मर्जीवर अवलंबून नाही.

काही बंधनं पाळायलाच हवीत

साधन हातात आलं की ते भिंतीवर लावायचा मोह होतो. इथे मी कडक आहे. मुलांच्या नावांसह वजनाचा, गुणांचा किंवा वाचनस्तराचा आलेख वर्गाच्या भिंतीवर कधीही लावू नये. सगळ्यात खालची रेघ कोणाची, हे वर्गाला एका मिनिटात कळतं आणि ते मूल ती रेघ वर्षभर बघत बसतं. हजेरी क्रमांक लिहिला म्हणून नाव लपत नाही, वर्गातल्या प्रत्येकाला सगळ्यांचे क्रमांक पाठ असतात.

भिंतीवर काय लावावं? संपूर्ण वर्गाचं काहीतरी. या महिन्यात वाचलेली गोष्टींची पुस्तकं, पावसाची मापं, परसबागेतल्या रोपांची उंची. मुलाची स्वतःची रेघ फक्त त्याला आणि त्याच्या पालकांना. तीही इतरांशी तुलना न करता, त्याच्याच मागच्या महिन्याशी.

आणखी एक. आलेख ‘किती’ सांगतो, ‘का’ सांगत नाही. रेघ खाली गेली म्हणजे मूल आळशी आहे असं नाही. धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिलं असेल, ओढ्याला पाणी आलं असेल, चप्पल नसेल. रेघ बघून घरी जायचं असतं, शेरा मारायचा नसतो.

‘हे आमचं काम आहे का?’

बरेच शिक्षक म्हणतील, आधीच ऑनलाइन कामं कमी आहेत का, त्यात हे आणखी. तक्रार खरी आहे. माहिती भरण्याच्या कामाने शिकवण्याचा वेळ खाल्ला आहे, आणि मी आणखी एखादा तक्ता भरायला मुळीच सांगत नाही. उलट, जे आकडे आपण भरतोच, त्यांचा पहिला उपयोग आपल्या वर्गाला व्हावा एवढंच म्हणते. उभारणीला एक रविवार आणि कदाचित पुढचा अर्धा रविवार. नंतर महिन्याला आकडे बदलायला दहा-पंधरा मिनिटं.

प्रत्येकाने बांधायलाच हवं असंही नाही. केंद्रात एकाने बांधलं तरी बाकीच्यांना पेनड्राइव्हवर देता येतं. पण त्या एकाने फाइल देऊन थांबू नये. शिक्षण परिषदेत अर्धा तास घेऊन ‘हे असं बांधलं’ हेही दाखवावं. नाहीतर तेही आणखी एक बंद डबाच होईल: आत काय आहे माहीत नाही, बिघडलं की वाट बघायची.

काही जण म्हणतील, आता संगणकाला नुसतं सांगितलं की तो कोड लिहून देतो. देतो ना, जरूर मदत घ्या. पण मुलांची नावं आणि आकडे त्याला देऊ नका, खोटे आकडे देऊन कोड घ्या. आणि अक्ष शून्यापासून सुरू होतो का, गैरहजर मूल ‘शून्य’ धरलंय की ‘नोंद नाही’ धरलंय, हे तुम्हीच तपासा. ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. मूल दुसऱ्या शाळेत दाखल झालं असेल तर तिथे शून्य लिहिणं चूक, आणि तोडीला गेलं असेल तर जागा कोरी सोडणं चूक. हा निर्णय आकडेशास्त्राचा नाही, वर्ग ओळखणाऱ्या माणसाचा आहे.

पालकहो, तुम्हाला एकच विनंती. पुढच्या पालक सभेत ‘आमच्या मुलाला किती टक्के?’ एवढंच विचारू नका. ‘जूनपासून आतापर्यंत त्याचं कसं चाललंय, ते दाखवा’ असं म्हणा. वहीत हाताने काढलेला आलेख दाखवला तरी चालेल. मागणी आली की शिक्षकही शिकतात.

आणि शिक्षक मित्रांनो, सुरुवात लहान ठेवा. एक वर्ग, एक महिना, एक स्तंभालेख. तो देवनागरी आकड्यांसह पडद्यावर उमटला की मग प्रत्येक मुलाची रेघ काढा. दिवाळीच्या सुट्टीआधी ते पान तुमच्या हातात असेल तर त्या आठ मुलांसाठी काहीतरी करायला वेळ उरेल.